कॉम्प्युटर अडखळतो तेव्हा: मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोसेस ओळखा आणि मुळातून बंद करा

कॉम्प्युटर जड झाला की बहुतेक जण टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडतात, सगळ्यात वर जे नाव दिसेल त्यावर 'एंड टास्क' दाबतात आणि थोडा वेळ बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच नाव पुन्हा तिथंच. हराळी वरवर खुरपल्यासारखं होतं हे. पाती कापली जातात, मुळं जमिनीतच राहतात. प्रोसेस, म्हणजे मशीनमध्ये चालू असलेलं प्रोग्रॅमचं काम, बंद करणं दोन क्लिकचं काम आहे. ती सुरू कुठून होते ते शोधणं हे खरं काम. आणि त्याच्याही आधी, मशीन तिच्यामुळंच अडतंय की दुसऱ्याच कशामुळं, हे बघायला हवं.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. गावोगावची आपले सरकार सेवा केंद्रं, मोंढ्यात टॅलीसाठी ठेवलेले आडत दुकानांतले पीसी, झेरॉक्सची दुकानं, लातूर-नांदेडला शिकायला गेलेल्या पोरांचे लॅपटॉप, यांत ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेली मशीनं अजून रोज राबतात. रोख त्यांच्यावर आहे. मेनूंची नावं तुमच्या विंडोजच्या आवृत्तीनुसार थोडी इकडंतिकडं असू शकतात.

आधी मोजा, मग हात लावा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. मशीन सुरू झाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं सगळेच आकडे फुगलेले असतात, त्यावरून काहीच ठरवू नका. दहा मिनिटं जाऊ द्या, रोजची कामं उघडा आणि मग 'प्रोसेसेस'मध्ये सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क हे चार रकाने पाहा. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की जास्त खाणारी प्रोसेस वर येते.

डिस्कच्या रकान्यात बरेच जण फसतात. वर १०० टक्के दिसतं, पण बेरीज केली तर सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी. हे बिघाडाचं लक्षण असेलच असं नाही. फिरत्या डिस्कचं डोकं एका वेळी एकाच जागी वाचतं. विखुरलेल्या लहान फाइल मागितल्या तर सेकंदाला शंभरेक वाचनांपलीकडं ते जात नाही, एसएसडी, म्हणजे काही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, तेच काम हजारोंनी करते. त्यामुळं तीन-चार प्रोसेस एकाच वेळी डिस्कवर गेल्या की एमबी कमी आणि टक्के शंभर.

आता मेमरी, म्हणजे रॅम, बघा. ४ जीबीतली दोनेक जीबी विंडोज स्वतःच घेऊन बसतं. मेमरीचा आकडा ८५ टक्क्यांच्या वर टिकून राहिला की विंडोज रॅममधला माल उचलून डिस्कवर ठेवायला लागतं आणि लागेल तसा परत आणतं. म्हणजे दोष रॅमचा आणि नाव डिस्कचं. अशा मशीनवर डिस्क खाणाऱ्या प्रोसेस कितीही बंद करा, फरक पडणार नाही, मेमरी खाणाऱ्या बंद कराव्या लागतील. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे ते यासाठी.

आणखी एक आकडा: 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि खाली 'अप टाइम' पाहा. रोज रात्री 'शट डाउन' करूनही तिथं बारा-पंधरा दिवस दिसले तर दचकू नका. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं तेव्हा शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उघडते. अडकलेला ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारा प्रोग्रॅम), घेऊन न सोडलेली मेमरी, सगळं जसंच्या तसं. 'रिस्टार्ट' मात्र सगळं नव्यानं सुरू करतं. आठवड्यातून एकदा तरी रिस्टार्ट करा. कायमचा बंदोबस्त करायचा तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' असं जाऊन 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. मशीन सुरू व्हायला थोडं जास्त लागेल, पण दिवसभर नीट चालेल.

यांना हात लावू नका

काय बंद करायचं यापेक्षा काय बंद करायचं नाही हे आधी पाठ हवं. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' भागात दिसणारी सीएसआरएसएस, विनइनिट, विनलॉगऑन, एलएसएएसएस ही नावं विंडोजचा कणा आहेत. त्यांतली एखादी मारली तर निळा पडदा येतो किंवा मशीन आपोआप रिस्टार्ट होतं, आणि अर्धवट भरलेला फॉर्म गेला. 'सिस्टिम आयडल प्रोसेस'समोर ९५ दिसलं तर ती चांगली गोष्ट आहे, सीपीयू तितका रिकामा आहे असा त्याचा अर्थ. 'एसव्हीसीहोस्ट' पंचवीस-तीस किंवा त्याहून जास्त वेळा दिसतं, तेही बरोबर. विंडोजच्या सेवा (सर्व्हिसेस), म्हणजे खिडकी न दाखवता मागे चालणारी कामं, त्याच्या आत चालतात.

मग येतात तुमच्या धंद्याच्या प्रोसेस. सेवा केंद्रावर बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची 'आरडी सर्व्हिस' मागे चालू असावीच लागते. ब्राउझरमधलं पान मशीनच्या आतल्या आत १११०० ते १११२० या पोर्टांवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारांवर, तिच्याशी बोलतं. ती बंद पडली की यंत्राचा दिवा लागतो पण पानावर 'डिव्हाइस सापडलं नाही' असा निरोप येतो, आणि माणूस केबल बदलत बसतो. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि सही करणारा प्रोग्रॅमही तसाच. टॅलीच्या लायसन्सची सेवा बंद केली तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडण्याची वेळ येते. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपच्या टचपॅडचा ड्रायव्हर आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम यांनाही राहू द्या. मशीनजवळ एका कागदावर ही नावं लिहून चिकटवा, दुसरं कुणी 'साफसफाई' करायला बसलं तर उपयोगी पडतं.

एखादं नाव अनोळखी असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' करा. विंडोजचं खरं एसव्हीसीहोस्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२ मध्ये असतं. त्याच नावाची फाइल 'अ‍ॅपडेटा' किंवा 'टेंप'मध्ये सापडली तर ती सोंग घेतलेली आहे, तिचं पुढं बघू.

सुरू होतानाच आत घुसणारे

सगळ्यात जास्त फायदा इथं मिळतो. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' किंवा 'स्टार्टअप अ‍ॅप्स' उघडा. 'स्टार्टअप इम्पॅक्ट' या रकान्यात हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं. सुरू होताना १ सेकंदापेक्षा जास्त सीपीयू वेळ किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्क वापरणाऱ्याला 'हाय' मिळतं. प्रत्येक ओळीवर राइट क्लिक करून 'डिसेबल' करता येतं. त्यानं प्रोग्रॅम पुसला जात नाही. तो फक्त आपणहून उठत नाही, तुम्ही उघडला की चालतोच.

बिनधास्त डिसेबल करण्यासारखे: स्पॉटिफाय, टीम्स (रोज मीटिंग नसेल तर), गेम लाँचर, टॉरेंट, पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा मदतनीस, प्रिंटर कंपनीचं शाईची पातळी दाखवणारं आणि नवी शाई घ्या म्हणणारं पॅनेल. प्रिंटरचा ड्रायव्हर वेगळा असतो, ते पॅनेल काढलं तरी छपाई होते. वनड्राइव्ह, म्हणजे इंटरनेटवर फाइल साठवणारी मायक्रोसॉफ्टची सोय, मात्र आधी तपासा. कित्येकांचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स नकळत तिथं साठत असतात. तसं असेल तर तो बंद केल्यावर नवे कागद इंटरनेटवर साठायचे थांबतात, आणि डिस्क गेली की कळतं. एनीडेस्कसारखा दुरून मशीन चालवू देणारा प्रोग्रॅम कायम चालू ठेवू नका, वेगासाठी नाही, सुरक्षेसाठी. ज्याला टॅली दुरुस्तीसाठी दुरून शिरायचंय, त्याच्यासाठी त्या वेळेपुरता उघडा.

ऑनलाइन कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणणारे, ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारे फुकट प्रोग्रॅम डिसेबल नाही, सरळ अनइन्स्टॉल करा. ते दिवसभर मागे चालतात, शेकडो 'चुका' दाखवतात आणि पैसे मागतात. मशीन जड करणाऱ्यांत ते स्वतःच असतात.

यादीत नसूनही एखादा प्रोग्रॅम उठत असेल तर आणखी दोन दारं आहेत. विंडोज की आणि आर दाबून इंग्रजीत 'शेल', मग कोलन, मग 'स्टार्टअप' असं सलग टाइप करा. उघडलेल्या फोल्डरमधला नको तो शॉर्टकट काढा. दुसरं दार टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारं विंडोजचं साधन. स्टार्टमध्ये शोधून उघडा. डाव्या बाजूच्या 'टास्क शेड्यूलर लायब्ररी'वर क्लिक केलं की बाहेरच्या कंपन्यांनी लावलेली कामं दिसतात. 'ट्रिगर्स'मध्ये 'अ‍ॅट लॉग ऑन' असेल तर तोच तो. राइट क्लिक, 'डिसेबल'. ब्राउझरच्या अपडेटचं काम तेवढं सोडा, बँकेचं पान उघडणारा ब्राउझर जुना ठेवण्यात शहाणपण नाही. एकाच ठिकाणी सगळी दारं बघायची असतील तर मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' नावाचं फुकट साधन आहे. त्यात आधी 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' चालू करा, मग फक्त खूण काढा, काहीही डिलीट करू नका.

ब्राउझर बंद केला, तरी चालूच

क्रोमच्या सगळ्या खिडक्या मिटल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये क्रोम दिसत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'वर जा आणि 'कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड अ‍ॅप्स' असं सुरू होणारी ओळ बंद करा. एजमध्ये 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स'खाली असंच एक बटण आहे, शिवाय 'स्टार्टअप बूस्ट'. एज वापरतच नसाल तर दोन्ही बंद.

क्रोम चालू असताना शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) किती मेमरी खातंय ते इथं नावानिशी कळतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये नुसत्या 'क्रोम'च्या ओळी दिसतात, त्यातून काही उमगत नाही. कूपन शोधणारी, व्हिडिओ उतरवणारी, पीडीएफ बदलून देणारी एक्स्टेन्शन्स काढून टाका. क्रोमच्या सेटिंग्जमधला 'परफॉर्मन्स' उघडून 'मेमरी सेव्हर' चालू करा. न वापरलेले टॅब तो रॅममधून उतरवतो. एक सावधगिरी: अर्धा फॉर्म भरून टॅब बाजूला ठेवायची सवय असेल तर त्या साइटचा पत्ता अपवादांच्या यादीत घाला. टॅब पुन्हा लोड झाला की काही पोर्टल्स लॉगिनपासून सुरू करायला लावतात.

मोबाइलचा डेटा आणि विंडोज अपडेट

फायबर नाही तिथं कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा दुपारीच संपतो. विंडोजला हॉटस्पॉट आणि साधं वायफाय यांतला फरक कळेलच असं नाही, त्याला सांगावा लागतो. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, जोडलेल्या नेटवर्कचे 'प्रॉपर्टीज' असं जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मोठी अपडेट्स मग आपोआप उतरत नाहीत आणि वनड्राइव्हचं सिंकही थांबतं. हे प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळं करावं लागतं. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट जोडला की पुन्हा करा. त्याशिवाय विंडोज अपडेटच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' उघडा आणि दुसऱ्या पीसींकडून डाउनलोडची परवानगी बंद करा. ती चालू असेल तर तुमचं मशीन इतरांना अपडेटचे तुकडे पाठवतही असतं.

अपडेटची सेवा कायमची बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. आधार, बँक, सातबारा जिथं उघडतात त्या मशीनला सुरक्षेची अपडेट्स हवीतच. गर्दीच्या दिवसांत, म्हणजे पीकविमा किंवा प्रवेशाच्या मुदतीला, 'पॉज अपडेट्स' वापरा. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. मग एखाद्या रविवारी चांगलं नेट जोडून सगळं उतरू द्या. त्या वेळी 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' सीपीयू आणि डिस्क भरपूर खाईल, त्याला मध्येच मारू नका. लाइट जाण्याची शक्यता असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टर चार्ज आहे ना ते बघूनच अपडेट सुरू करा. अपडेट लागत असताना वीज गेली तर विंडोज न उघडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्या मशीनवर पैशांचे व्यवहार करत असाल तर पुढची सोय आत्ताच बघा.

सेवांना हात घालताना

आधी रिस्टोर पॉइंट करा, म्हणजे बिघडलं तर विंडोजच्या आजच्या सेटिंग्जवर परत जाता येतं. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्हचं संरक्षण चालू आहे का बघा, 'क्रिएट' दाबा. मग स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. एका वेळी एकच सेवा बदला आणि एक दिवस मशीन वापरून पाहा. पाच एकदम बदलल्या आणि प्रिंट येईना, तर कोणामुळं ते शोधताना दिवस जातो. 'डिसेबल्ड' करण्याआधी 'मॅन्युअल' करून बघा.

फिरत्या डिस्कवर 'सिसमेन' आणि 'विंडोज सर्च' या दोन सेवा तपासण्यासारख्या आहेत. सिसमेन, म्हणजे पूर्वीचं सुपरफेच, तुम्ही नेहमी वापरता ते प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवतं. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असताना ही सेवा 'स्टॉप' करा आणि दहा मिनिटं थांबा. डिस्क खाली आली तरच ती बंद ठेवा, नाहीतर परत चालू करा. एसएसडी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. विंडोज सर्च पूर्ण बंद करण्यापेक्षा 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये जाऊन स्कॅन केलेल्या कागदांचे हजारो फोटो ठेवलेले फोल्डर यादीतून वगळा.

छापखान्यासारखी छपाई चालणाऱ्या दुकानात 'प्रिंट स्पूलर', म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी सेवा, कधीकधी सीपीयू खात बसतो. कारण बहुतेकदा रांगेत अडकलेली एखादी खराब प्रिंट असते. सेवा 'स्टॉप' करा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल पुसा (फोल्डर नाही), सेवा 'स्टार्ट' करा.

'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हा विंडोजचा डिफेंडर आहे. तो भर दुपारी स्कॅन करत असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर असं जाऊन 'शेड्यूल्ड स्कॅन'ला तुमच्या जेवणाच्या सुट्टीचा ट्रिगर द्या. दोन अँटिव्हायरस एका मशीनवर नकोत, उघडणारी प्रत्येक फाइल दोघंही तपासतात. मशीनसोबत आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस अनइन्स्टॉल केला की डिफेंडर आपोआप चालू होतो.

पेनड्राइव्हनं आलेला पाहुणा

झेरॉक्सच्या दुकानात दिवसाला पाच-पन्नास पेनड्राइव्ह लागतात. पेनड्राइव्ह उघडल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, तर मागे एखादी स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) चालू आहे हे समजा. डिटेल्समध्ये रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'कमांड लाइन' चालू करा. 'डब्ल्यूस्क्रिप्ट' नावाची प्रोसेस आणि तिच्यापुढं अ‍ॅपडेटा किंवा टेंपमधल्या फाइलचा पत्ता दिसला, तर तो पत्ता लिहून घ्या. क्रम असा: पेनड्राइव्ह काढा, डब्ल्यूस्क्रिप्ट बंद करा, त्या पत्त्यावरची फाइल पुसा, मग स्टार्टअप आणि टास्क शेड्यूलरमधली तिची नोंद काढा. क्रम उलटा झाला तर चालू असलेली स्क्रिप्ट पुसलेली नोंद परत लिहू शकते. शेवटी विंडोज सिक्युरिटीमध्ये 'स्कॅन ऑप्शन्स'मधलं 'ऑफलाइन स्कॅन' करा. मशीन रिस्टार्ट होतं आणि साधारण पंधरा मिनिटं विंडोज उघडण्याआधीच तपासणी चालते. गिऱ्हाइकाचे कागद गेलेले नसतात, लपवलेले असतात. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा, फोल्डर दिसतील. त्यातला मजकूर घ्या, शॉर्टकटवर क्लिक करू नका.

काहीही उघडं नसताना पंखा घोंघावतो आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो, असं वारंवार होत असेल तर तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी बिटकॉइनसारखे डिजिटल कॉइन खणणारा प्रोग्रॅम, म्हणजे मायनर, आत बसला असण्याची शंका घ्या. काही मायनर टास्क मॅनेजर दिसला की थांबतात. क्रॅक केलेलं ऑफिस आणि विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करून देणारी साधनं ही त्यांची नेहमीची वाट. अ‍ॅक्टिव्हेटर चालवताना अँटिव्हायरस बंद करा म्हणून सांगतात, त्यामागं हेही कारण असू शकतं.

सगळं करूनही हळू

एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेडकडं पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा प्रोसेसची काही चूक नसतानाही मशीन मंदावतं. 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूचा 'बेस स्पीड' आणि आत्ताचा 'स्पीड' ताडून बघा. काम भरपूर, टक्के शंभरजवळ, आणि तरी वेग बेस स्पीडच्या बराच खाली असेल, तर सीपीयू तापून स्वतःला आवरतो आहे. लॅपटॉप असेल तर आधी चार्जर लावून आणि पॉवर मोड बदलून पाहा. फरक नसेल तर मशीन बंद करून वायर काढा, पंख्यातली आणि हीटसिंकमधली (सीपीयूची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) धूळ ब्लोअरनं उडवा. पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेनं तो वेडावाकडा फिरतो. चार-पाच वर्षांत थर्मल पेस्ट, म्हणजे सीपीयू आणि हीटसिंक यांमधला लेप, बदललेली नसेल तर बदलून घ्या. कूलरची ओली हवा थेट सीपीयूच्या डब्यावर येऊ देऊ नका, धूळ ओली होऊन आत थापली जाते.

आणि नको ते सगळं बंद करूनही, फक्त ब्राउझर उघडा असताना मेमरी ९० टक्क्यांच्या खाली येत नसेल, तर बंद करण्यासारखं काही उरलेलं नाही. 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरीवर क्लिक करा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर '१ ऑफ २' असेल तर एक जागा मोकळी आहे. रॅमचा प्रकार, डीडीआर३ की डीडीआर४, पट्टीवरच्या कागदावर बघून तसलीच ४ जीबीची पट्टी आणा. रॅम आणि एसएसडी यांपैकी एकाचेच पैसे असतील तर आधी आकडे बघा: मेमरी ६०-७० वर आणि डिस्क १०० असेल तर एसएसडी, मेमरीच ९० असेल तर रॅम. एसएसडीवर विंडोज नव्यानं टाकण्याआधी डिजिटल सहीचे ड्रायव्हर, आरडी सर्व्हिसची फाइल, टॅलीचा डेटा आणि त्याच्या लायसन्सचा तपशील पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, आणि टॅलीचं लायसन्स जुन्या विंडोजवरून सरेंडर करूनच मशीन दुकानात द्या.